घराच्या उताऱ्यासाठी सात महिने : गावच्या पुरसभेच्या सेवेविषयी

गेल्या वर्षी जून महिन्यात वडिलांच्या नावावरचे घर आईच्या नावावर करून घेण्यासाठी मी आमच्या गावच्या पुरसभेत, म्हणजे कर्नाटकातल्या लहान शहराच्या नगरपालिकेत, पहिल्यांदा गेलो आणि यंदाच्या जानेवारीत नवा उतारा हातात घेऊन बाहेर पडलो. या सात महिन्यांत कर विभागाच्या खिडकीपासून मुख्याधिकाऱ्यांच्या दालनापर्यंत आणि रेकॉर्ड रूमपासून सभागृहाच्या मागच्या बाकापर्यंत सगळीकडे बसणे झाले. बेळगाव जिल्ह्याच्या सीमाभागात अशी कितीतरी गावे आहेत, जिथे घरात, बाजारात आणि देवळात मराठी बोलली जाते आणि कार्यालयातला कागद मात्र कन्नडमध्ये असतो. अशा गावातल्या माणसाला पुरसभेची सेवा कशी मिळते, कुठे ती खरोखर चांगली आहे आणि कुठे वेळ वाया जातो, हे नीट लिहून ठेवावे असे वाटले, म्हणून हा अभिप्राय. गावाचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण तिथल्या बहुतेक कर्मचाऱ्यांनी मला मदतच केली आणि दोष माणसांपेक्षा पद्धतीत अधिक आहे.

माझे मत आधीच सांगतो. ज्या अर्जाला पावती क्रमांक मिळतो त्याचे काम आमची पुरसभा करते, आणि जे काम "बघतो, ठेवून जा" या शब्दांवर सोपवले जाते ते तिथेच पडून राहते. माझ्या सात महिन्यांपैकी पहिले तीन महिने केवळ हे न कळल्यामुळे गेले.

पुरसभा म्हणजे नेमके काय, हे इथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे सर्रास सगळ्याच संस्थांना नगरपालिका म्हटले जाते. कर्नाटकात 1964 च्या नगरपालिका कायद्याखाली तीन प्रकारच्या संस्था येतात. साधारण दहा ते वीस हजार लोकवस्तीच्या गावाला पट्टण पंचायत, वीस ते पन्नास हजारांच्या गावाला पुरसभा आणि त्याहून मोठ्या शहराला नगरसभा असते. पट्टण पंचायत आणि पुरसभेचा कारभार मुख्याधिकारी पाहतात, नगरसभेत पौरायुक्त असतात. बेळगाव शहराच्या महापालिकेला 1976 चा वेगळा कायदा लागू होतो, त्यामुळे बेळगावातल्या नातेवाइकाने सांगितलेली पद्धत आपल्या गावात तशीच चालेल असे समजू नये. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा मुंबई राज्यात होता. त्या काळात मोठ्या गावांना 1925 चा मुंबई म्युनिसिपल बरो कायदा आणि लहान गावांना 1901 चा जिल्हा म्युनिसिपल कायदा लागू असे. जुनी माणसे अजूनही 'बरो म्युनिसिपालिटी' हा शब्द वापरतात तो त्यामुळे. ही केवळ इतिहासाची गोष्ट नाही. माझे काम शेवटी त्या काळातल्या वहीपर्यंत गेले.

घराचा मालक मयत झाल्यावर वारसाचे नाव लावण्याची रीत कागदावर सरळ आहे. मृत्यूचा दाखला, नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळणारी वंशावळ, चालू वर्षापर्यंतची घरपट्टी आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, उपनोंदणी कार्यालयातून काढलेला बोजाचा दाखला, वीजबिल, आधार आणि घराचा फोटो एवढे अर्जासोबत जोडायचे. त्यानंतर केस वर्करने, म्हणजे फाइल हाताळणाऱ्या कारकुनाने, ई-आस्ती या मालमत्ता नोंदींच्या संगणक प्रणालीत माहिती भरायची, महसूल निरीक्षकाने ती तपासायची, कोणाची हरकत असल्यास ती येण्यासाठी मुदत द्यायची आणि शेवटी मुख्याधिकाऱ्यांनी डिजिटल सहीने मंजुरी द्यायची. ई-खाता, म्हणजे हाच संगणकीकृत उतारा, असल्याशिवाय आता खरेदीखत नोंदले जात नाही, वाटणीपत्र किंवा कर्ज यांसाठीही तोच मागितला जातो. म्हणून ज्यांच्या घराचा उतारा अजून आजोबांच्या नावावर आहे त्यांनी हे काम गरज पडेपर्यंत लांबवू नये, असे मी आवर्जून सांगेन.

जूनमध्ये मी हे सगळे कागद एका पिशवीत घालून नेले आणि कर विभागात बसलेल्या ओळखीच्या माणसाकडे दिले. त्यांनी ते पाहिले, "बरोबर आहेत, ठेवून जा" म्हणाले आणि कपाटावर ठेवले. मी पावती मागितली नाही. ओळखीच्या माणसाकडे पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, असे आपल्याकडे वाटते आणि मलाही तसेच वाटले. जुलैत त्यांची दुसऱ्या विभागात बदली झाली. ऑगस्टमध्ये त्या जागी आलेल्या बाईंनी अतिशय शांतपणे विचारले, "अर्जाचा नंबर काय?" नंबर नव्हता, म्हणजे कार्यालयाच्या लेखी अर्जच नव्हता. पिशवी त्याच कपाटावर, जशीच्या तशी होती. बोजाच्या दाखल्याची तारीख तोवर जुनी झाली होती आणि तो पुन्हा काढावा लागला.

याच बाईंनी मला सकालबद्दल नीट समजावून सांगितले. हा राज्याचा 2011 चा सेवा हमी कायदा आहे आणि 2012 च्या एप्रिलपासून तो राज्यभर लागू झाला. त्याखाली येणाऱ्या सेवेसाठी अर्ज दिला की पंधरा अंकी क्रमांक असलेली पोच मिळते आणि तिच्यावर काम पूर्ण करण्याची शेवटची तारीख छापलेली असते. मुदत टळली तर अर्जदाराला दिवसाला 20 रुपये, जास्तीत जास्त 500 रुपये, भरपाई मिळते आणि ती जबाबदार कर्मचाऱ्याच्या पगारातून वसूल करता येते. रक्कम लहान आहे, पण क्रमांक पडला की तो अर्ज वरिष्ठांच्या यादीत दिसू लागतो आणि खरा फरक तिथे पडतो. माझा अनुभव असा की क्रमांक मिळाल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत महसूल निरीक्षक स्वतः घरी येऊन टेपने मोजमाप घेऊन गेले, आणि त्यासाठी मला एकदाही आठवण करावी लागली नाही.

या कायद्यातली एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. मुदतीत अर्ज नाकारला तरी तो निकाली निघाल्याचेच धरले जाते. माझा पहिला क्रमांकित अर्ज मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी "नाव जुळत नाही" या एका ओळीच्या कारणाने परत आला. नाकारलेल्या अर्जावर सक्षम अधिकाऱ्याकडे अपील करता येते, ते न जमल्यास दुसरे अपीलही आहे. परंतु आक्षेप बरोबर असेल तर अपिलापेक्षा दुरुस्ती करून नवा अर्ज देणे लवकर होते. आक्षेप पहिल्या आठवड्यात कळवला असता तर सगळी मुदत वाया गेली नसती. मुदतीच्या आत काम पूर्ण करणे आणि मुदतीच्या आत फाइल बंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्या पुरसभेने हा फरक मनावर घेतला पाहिजे.

आता नावाविषयी. माझ्या वडिलांचे नाव ज्ञानदेव. मृत्यूच्या दाखल्यावर ते कन्नडमध्ये बरोबर आले होते, कारण दवाखान्यात मी स्वतः कन्नडमध्ये लिहून दिले होते. संगणकातल्या घराच्या नोंदीत मात्र ते 'ड्न्यानदेव' असे होते. आपण मराठी माणसे रोमन लिपीत हे नाव 'डी', 'एन', 'वाय' या अक्षरांनी सुरू करतो, आणि नोंदी संगणकात चढवताना कोणीतरी ते रोमन अक्षरांतून कन्नडमध्ये उतरवले होते. ज्ञ हे जोडाक्षर कन्नड लिपीत आहे. ज्ञानपीठ हा शब्द कन्नड वर्तमानपत्रांत नेहमी छापला जातो. तरीही वडिलांच्या वाट्याला ड आणि न्या आले, आणि कागदोपत्री मयत झालेले ज्ञानदेव व घराचे मालक ड्न्यानदेव ही दोन वेगळी माणसे ठरली. आईला कन्नड वाचता येत नाही, तिचे शिक्षण मराठी शाळेत झाले. गेली काही वर्षे ती दर एप्रिलला याच नावाची पावती घेऊन येत होती आणि जपून डब्यात ठेवत होती. चूक तिच्या डोळ्यांसमोर होती आणि ती तिला दिसणे शक्य नव्हते. त्या खिडकीशी उभा असताना मला याचेच सर्वांत जास्त वाईट वाटले.

दुरुस्तीसाठी दोन गोष्टी लागल्या. पहिली, दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे नोटरीसमोर केलेले प्रतिज्ञापत्र. दुसरी, संगणकापूर्वीच्या वहीतली नोंद. बाईंनी शिपायाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवले आणि त्याने कापडी बांधणीची एक लांबट आकारणी वही आणली, तिच्या कडांना वाळवीची नक्षी पडली होती. त्या पानावर आजोबांचे नाव मराठीत, निळ्या-काळ्या शाईत, वळणदार अक्षरांत होते. पुढे "कौलारू, खण तीन, पडवी, परसात आड" असे घराचे वर्णन आणि चतुःसीमा. त्याखाली नंतरच्या शाईने, कन्नडमध्ये, वडिलांचे नाव लावलेले होते आणि त्यात ज्ञ अगदी बरोबर होता. बाई कन्नड भाषक. त्यांनी मराठी ओळ बोट ठेवून अडखळत मोठ्याने वाचली, "आड म्हणजे बावीच ना?" असे विचारले (कन्नडमध्ये विहिरीला बावी म्हणतात), आणि मी हो म्हटल्यावर पानाची छायाप्रत अर्जाला जोडून घेतली. मग स्वतःच्या टेबलावरचा कोरा कागद पुढे करून म्हणाल्या, "तुमी लिवा, कन्नडात, मी तसंच टाइप करते." मी लिहिले आणि त्यांनी पडदा माझ्याकडे वळवून एकेक अक्षर दाखवून मगच पुढे पाठवले.

हा पडदा वळवण्याचा दोन मिनिटांचा शिष्टाचार प्रत्येक अर्जासाठी सक्तीचा केला पाहिजे. कन्नड ही राज्याची राजभाषा आहे आणि उतारा कन्नडमध्ये असण्याला माझा विरोध नाही. माझी मुले शाळेत कन्नड शिकतात आणि ती त्यांना आलीच पाहिजे. पण ज्या नगरात भाषिक अल्पसंख्याकांचे प्रमाण पंधरा टक्के किंवा त्याहून अधिक आहे तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठीच्या 1956 पासूनच्या केंद्रीय योजनेत मान्य झालेले तत्त्व आहे. राज्यघटनेच्या 350 व्या अनुच्छेदाप्रमाणे तक्रारीचे निवेदन केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. मी एक निवेदन मराठीत दिले, ते आवक विभागाने शिक्का मारून घेतले, उत्तर कन्नडमध्ये आले. एवढे झाले तरी पुष्कळ आहे. अर्जाच्या नमुन्यामागे कोणते कागद जोडायचे याची यादी मराठीत छापली, तर माझ्या आईसारख्या कितीतरी बायकांना झेरॉक्सच्या दुकानात पैसे देऊन अर्ज भरून घ्यावे लागणार नाहीत.

घरपट्टीच्या सेवेला मात्र मी पूर्ण गुण देईन. आकारणी मालकाने स्वतः करून चलन काढायचे अशी पद्धत आहे, एप्रिलमध्ये भरल्यास पाच टक्के सूट मिळते, आणि आता ऑनलाइन भरण्याचीही सोय आहे. पावतीवर घरपट्टीखेरीज आरोग्य उपकर पंधरा टक्के, ग्रंथालय उपकर सहा टक्के आणि भिक्षुक उपकर (भिकाऱ्यांच्या पुनर्वसनासाठीचा) तीन टक्के असे वेगळे दाखवलेले असतात. बऱ्याच जणांना हे दंड वाटतात, ते तसे नाहीत. हे पैसे पुरसभेकडे राहतही नाहीत, ती ते गोळा करून संबंधित खात्यांकडे पाठवते. आपल्या गावातले सार्वजनिक वाचनालय कोणाच्या पैशांवर चालते हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आपली पावती एकदा नीट पाहावी.

गावाच्या स्वतःच्या उत्पन्नात घरपट्टी, पाणीपट्टी, दुकानगाळ्यांचे भाडे आणि व्यापार परवाने एवढेच मुख्य आहे. रस्ते, गटारी, पाण्याची टाकी ही मोठी कामे राज्य आणि केंद्राच्या अनुदानातून होतात. त्या अनुदानाला अटी असतात. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी साठ टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची होती. राज्याच्या नियमाप्रमाणे 24.10 टक्के निधी अनुसूचित जाती-जमातींसाठी राखून ठेवावा लागतो. "पैसे आहेत तर आमच्या गल्लीचा रस्ता का करत नाही" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा इथे असते, आणि ते लोकांना कोणी सांगत नाही.

सदस्यांविषयी लोकांच्या अपेक्षा चुकीच्या जागी असतात असे मला दिसले. आमच्या प्रभागाच्या सदस्यांकडे मीही गेलो होतो. ते बिचारे माझ्यासोबत दोनदा कार्यालयात आले, पण उताऱ्यावर सही करण्याचा किंवा ती थांबवण्याचा अधिकार सदस्याला नाही, तो मुख्याधिकाऱ्यांचा आहे. सदस्यांचे काम सभेत आहे: अंदाजपत्रक, ठराव, कोणत्या गल्लीला आधी गटार. आमदार आणि खासदार हेही त्यांच्या मतदारसंघातल्या पुरसभेचे सदस्य असतात आणि अध्यक्षाच्या निवडणुकीत मत देतात. सरकारने नेमलेल्या सदस्यांना मताचा अधिकार नसतो. अध्यक्ष-उपाध्यक्षांची मुदत तीस महिन्यांची आणि ही पदे आरक्षणाच्या फेऱ्यातून ठरतात. 2018 च्या ऑगस्टअखेरीस राज्यातल्या अनेक नगरसंस्थांची निवडणूक झाली आणि आरक्षणाचा वाद न्यायालयात गेल्यामुळे 2020 च्या अखेरीपर्यंत निवडून आलेल्या सदस्यांना अध्यक्षच निवडता आला नाही. त्या काळात कारभार प्रशासकाकडे होता. प्रशासकाच्या काळात दाखले आणि उतारे थांबत नाहीत, हे खरे. पण कोणत्या गल्लीला आधी पाणी हा निर्णय ज्याला आपण मत दिले त्याच्या हातात राहत नाही, आणि हे नुकसान पावतीवर दिसत नाही.

मी नोव्हेंबरमध्ये एका सर्वसाधारण सभेत मागे बसलो होतो. विषयपत्रिका कन्नडमध्ये होती, चर्चा निम्मी मराठीत झाली, आणि एका सदस्य बाईंनी आपल्या भागातल्या बोअरची मोटर किती दिवस बंद आहे हे तारखांसह वाचून दाखवले. मुख्याधिकाऱ्यांना त्या तारखा खोडून काढता आल्या नाहीत. मोटर त्याच आठवड्यात बसली. तारखांची वही घेऊन सभेला येणाऱ्या अशा सदस्याला पक्ष न पाहता मत द्यावे, असे मी तेव्हाच ठरवले.

स्वच्छतेबद्दल एवढेच: आमच्या गल्लीत घंटागाडी सकाळी सात वाजायच्या आत येते, पावसाळ्यातही. सातशे लोकसंख्येमागे एक पौरकार्मिक (सफाई कामगार) असावा असे राज्याचे प्रमाण आहे, आमच्याकडे तेवढे नाहीत हे रोज उघड दिसते, तरीही गाडी येते. पथदिव्याची तक्रार जनहित या नागरी तक्रारींच्या सरकारी ॲपवर नोंदवली तर तीन-चार दिवसांत दिवा लागतो. तीच तक्रार वाटेत भेटलेल्या वायरमनला सांगितली तर महिना जातो, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्याच्या खिशात अशी वीस नावे असतात. पाण्याच्या वेळापत्रकाला मी गुण देणार नाही. पाणी कधी तिसऱ्या, कधी सहाव्या दिवशी येते आणि ते आधी कळवण्याची कोणतीच व्यवस्था नाही. एक फळा आणि खडू एवढ्यावर हे काम होऊ शकते.

जन्माच्या नोंदीविषयी एक सूचना करतो, कारण कार्यालयात बसलो असताना याच कामासाठी रडकुंडीला आलेली माणसे मी पाहिली. जन्म 21 दिवसांच्या आत विनाशुल्क नोंदला जातो, तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्कावर भागते, आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, पासपोर्ट, मतदारयादी या सगळ्यांसाठी जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. बाळाचे नाव कन्नडमध्ये कसे लिहायचे हे दवाखान्यातल्या फॉर्मवर स्वतः लिहून द्या, येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडून लिहून घ्या, आणि छापलेला दाखला त्याच जागी उभे राहून वाचून घ्या.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मोबाइलवर मंजुरीचा संदेश आला. उतारा आईच्या नावाने निघाला आणि मागच्या मालकाच्या रकान्यात 'ज्ञानदेव' बरोबर आले. आईने तो मला वाचून दाखवायला सांगितला, वडिलांच्या नावावर बोट ठेवून "हाच का तो ज्ञ?" म्हणून विचारले आणि पावत्यांच्या डब्यात सर्वांत वर ठेवला. नळजोडणी अजून जुन्याच नावावर आहे. त्याचा अर्ज मी सोमवारी दिला, पोच घेतली आणि क्रमांक डब्याच्या झाकणावर आतून लिहून ठेवला.